अळलेकाईचे फिके पाणी

भुजंगरावांची जीभ त्या दातापासून दूर राहत नसे. बोलताना ती तिकडे जाई, जेवताना जाई, आणि सरावाच्या वेळी दोन ओळींमधल्या विसाव्यात तर हटकून जाई. वरच्या पुढच्या उजव्या दाताला मागून हलकेच रेटून ती परत येई आणि सांगे की तो हलतो. काल हलत होता तेवढाच आज हलतो की त्याहून अधिक, एवढे मात्र तिला सांगता येत नसे. आणि भुजंगरावांची खरी तळमळ नेमकी तेवढ्यासाठीच होती.

एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर सालचा श्रावण तेव्हा उतरणीला लागला होता. भुजंगराव म्हैसूरच्या एका सरकारी बँडात क्लॅरिनेट वाजवीत. वय सत्तेचाळीस. घराणे जुन्या म्हैसूरच्या फौजेतले. पणजोबा घोड्यावर, आजोबा पायदळात, वडील बँडात ढोलावर आणि हे खुर्चीवर, अशा क्रमाने सरदारकी हळूहळू खाली बसली, असे त्यांची पत्नी गिरिजाबाई म्हणे. परंतु ती खुर्ची पहिल्या रांगेतली होती. विजयादशमीच्या संध्याकाळी बन्नीमंटपाच्या मैदानावर मशालींचे संचलन होते. त्यापूर्वी बँड जी रचना वाजवी तिच्यात क्लॅरिनेटने एकट्याने वाजवायच्या बारा ओळी होत्या, आणि त्या अकरा वर्षे भुजंगरावांनीच वाजविल्या होत्या.

क्लॅरिनेट ओठांनी वाजते असे ऐकणाऱ्यांना वाटते, आणि ते अर्धेच खरे आहे. खालचा ओठ वेताच्या पातीखाली गादीसारखा असतो. वरून मात्र वाद्याचे तोंड समोरच्या दोन दातांवर टेकलेले असते, आणि स्वर जसजसा वर चढतो तसतसा त्या दोन दातांवरचा भार वाढतो. त्यांतला एक गेला तर काय होते हे भुजंगरावांना कोणी सांगण्याची गरज नव्हती. त्यांच्या आधी त्याच खुर्चीवर बसणारे नागोजीराव दोन दात गेल्यावर कवळी लावून आले होते. त्यांचा स्वर सर्दी झालेल्या माणसाच्या बोलण्यासारखा निघू लागला, आणि सहा महिन्यांत त्यांची नेमणूक वाद्यांच्या कोठारात झाली. अजूनही ते तेथे बसून दुसऱ्यांच्या वाद्यांचे पितळ घाशीत, आणि कोणी "कसं काय?" म्हटले तर न बोलता फडके दाखवीत.

आरंभ आषाढातच झाला होता. पेरूचा लचका तोडला, तो पांढऱ्या गरावर रक्ताची रेघ उमटली. भुजंगराव त्याच दिवशी देवराज मोहल्ल्यात आपले बालमित्र गुंडुराव यांच्या दुकानी गेले.

गुंडुरावांचे घराणे रंगाऱ्यांचे. गिरणीच्या छापील साड्यांनी त्यांच्या हंड्यांखालचा जाळ विझविला त्याला वीस वर्षे झाली होती, आणि आता दुकानात साड्यांच्या फॉलच्या पट्ट्या, दोरे आणि गुंड्या मिळत. पण हंड्यांबरोबर विद्या विझली नव्हती. कापसाच्या कापडावर वनस्पतींचा रंग आपणहून चढत नाही. त्याला आधी हिरड्याच्या तुरट पाण्यात, म्हणजे तिकडच्या बोलीतल्या अळलेकाईच्या पाण्यात, भिजवावे लागते. हे पाणी पुरते तयार झाले की नाही हे पाहण्याची गुंडुरावांच्या घरी एक रीत होती. त्यांचे वडील हंडीत बोट बुडवून वरच्या ओठाच्या आत, हिरडीवर, एक थेंब लावीत आणि दहा अंक मोजीत. दहाच्या आत हिरडी आवळून आली तर पाणी तयार. नाही आली तर आणखी अळले टाकायचे. उभा जन्म दिवसातून चार वेळा ही परीक्षा केल्यामुळे म्हणा अथवा आणखी कशाने म्हणा, म्हातारा ब्याऐंशीव्या वर्षी बत्तीस दातांसह गेला. तेव्हापासून गुंडुराव अळलेकाई, बाभळीची साल, डाळिंबाची साल, कात आणि भाजलेली तुरटी कुटून एक मंजन करीत आणि जो मागेल त्याला पुडी बांधून फुकट देत.

"रक्त आलं?" गुंडुराव म्हणाले. "अय्यो, तेवढ्यासाठी तोंड केवढं लांब केलंस! सुम्ने, गप बस इथं. उघड."

"दुकानात उघडू?"

"मग काय राजवाड्यात उघडणार?"

त्यांनी स्वतःच्या बोटाने मंजन लावले आणि मोठ्याने मोजू लागले. सहावर भुजंगरावांची हिरडी चिमटीत धरल्यासारखी आवळली.

"नोडु, बघ! सहा! कापड उत्तम आहे तुझं," गुंडुराव म्हणाले. "दोन वेळा लाव. आठ दिवसांत रक्त थांबलं नाही तर माझ्या नावाचं गाढव पाळ."

रक्त पाचव्याच दिवशी थांबले. हिरडी शंखाच्या आतल्या बाजूसारखी गुलाबी आणि घट्ट दिसू लागली. भुजंगरावांनी आरशात पाहिले, गिरिजाबाईला दाखविले, आणि कोठारात जाऊन, नको असताना, नागोजीरावांनाही दाखविले. आता रक्त थांबले म्हणजे रोग थांबला हा निष्कर्ष वरवर इतका स्वाभाविक आहे की तो काढल्याबद्दल कोणालाही दोष देता येणार नाही. परंतु धूर दिसेनासा झाला एवढ्यावरून चूल विझली असे घरातली कोणतीही बाई मानत नाही. आधी राख उकरून पाहते. भुजंगरावांनी राख उकरली नाही. श्रावणात दात हलू लागला, तेव्हा त्यांनी मंजन दोनाऐवजी चार वेळा लावण्यास आरंभ केला.

मग एका सकाळी सरावात बारा ओळींपैकी नववी फुटली. ती ओळ तार सप्तकात चढते. चढताना दात वाद्यावर किंचित सरकला, भुजंगरावांनी अभावितपणे जबडा सैल सोडला, आणि स्वराऐवजी बदकासारखा एक आवाज निघाला. तिसऱ्या रांगेत कोणीतरी हसले. बँडमास्तर श्रीनिवासराव यांनी छडी खाली केली. पण ते हसले नाहीत, आणि भुजंगरावांना त्याचीच अधिक भीती वाटली.

त्याच दुपारी, कोणालाही न सांगता, ते एका सोन्याच्या पेढीवरच्या माडीवर डॉक्टर वनजा यांच्याकडे गेले. वनजा बेंगळूरहून दातांची विद्या शिकून दोन वर्षांपूर्वी परतली होती. तिचे घराणेही फौजेतलेच. तिचे आजोबा आणि भुजंगरावांचे वडील एका पलटणीत होते. म्हणून ती त्यांना काका म्हणे, आणि इतर रोगी तिला डॉक्टरम्मा म्हणत.

"काका, हिरडीला काय लावता?"

"काही नाही."

"काही नाही? मग दातांच्या मुळाशी हा काताचा रंग कोणी दिला, बन्नीमंटपाच्या मशालींनी?"

वनजाने रेघा आखलेली एक बारीक बोथट सळई दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीत हलकेच सोडली. ती जात राहिली. आपल्या शरीरात तेवढी जागा आहे याची भुजंगरावांना कल्पना नव्हती.

"सात मिलिमीटर," ती म्हणाली. "तीनपर्यंत चालतं. वरून बघितलं तर हिरडी कशी शहाण्यासारखी बसलीय, आणि खाली मुळापर्यंत कीटणाचा दगड साठलाय. शेजारच्या दाताचंही तेच, पाच."

तेव्हा भुजंगरावांनी सारे सांगितले. तिने त्यांच्या खिशातल्या पुडीतले मंजन चिमटीत घेऊन बोटांवर चोळले, हुंगले, जिभेला लावले.

"वाईट नाही हो हे," ती म्हणाली. "माझ्या आजीला मीच बाभळीच्या सालीच्या पाण्यानं चुळा भरायला सांगते. या सालींत, फळांत जी तुरट द्रव्यं आहेत ना, ती हिरडी आवळतात, सूज उतरवतात, जंतूंनाही थोडा आळा घालतात. पण साठलेला दगड ती काढत नाहीत. तो हत्यारानंच काढावा लागतो. रक्त येत राहिलं असतं तर घाबरून दोन महिन्यांपूर्वीच तुम्ही ही माडी चढला असता. ते थांबलं, म्हणून चढला नाहीत. एवढंच या मंजनाचं पाप."

"दगड काढला की दात घट्ट होईल?"

वनजाने उत्तर देण्यापूर्वी सळई पुसून ठेवली. "आधी जास्त हलेल. त्या दगडानंच त्याला शेजाऱ्याशी बांधून धरलंय. मग पाच-सहा आठवड्यांत हिरडी पुन्हा दाताला धरेल. धरली तर."

"आणि नाही काढला तर?"

"तर दसऱ्याला असेल. पुढच्या दसऱ्याचं मी सांगत नाही."

दसऱ्याला सहा आठवडे उरले होते.

जिना उतरताना भुजंगरावांच्या मनात जो वाद सुरू झाला तो पुढे तीन दिवस चालला. दगड काढावा, तर ऐन दसऱ्यात दात अधिक हलण्याची भीती. न काढावा, तर या वर्षीच्या बारा ओळी मिळतील, पण त्या शेवटच्या. दोन्ही बाजू तितक्याच सबळ होत्या, आणि ज्या वादात दोन्ही बाजू सबळ असतात तो माणसाला बसू देत नाही. ते अंगणात येरझारा घालीत. गिरिजाबाई दोन वेळा म्हणाली, "साकु, पुरे हो, फरशी झिजेल." तिसऱ्या दिवशी त्यांनी गुंडुरावांच्या दुकानी जाऊन डॉक्टरीणबाईंचे म्हणणे शब्दशः सांगितले.

गुंडुरावांनी दोऱ्याचे रीळ खाली ठेवले. "माझ्या मंजनाचं पाप?"

"पाप म्हणजे..."

"म्हणजे काय, शब्द तुझ्याच तोंडातून आला. चल."

ते तसेच उघड्या डोक्याने निघाले. त्यांची पत्नी कुसुमावती माजघरातून हे ऐकत होती. नवरा कोणाशीतरी भांडायला निघाला आहे एवढे ताडून तीही चपला घालून मागोमाग आली. अशी ही तिघांची मिरवणूक माडीवर पोहोचली तेव्हा सुदैवाने बाहेरच्या बाकावर कोणी रोगी नव्हता.

"डॉक्टरम्मा," गुंडुराव उभ्यानेच म्हणाले, "माझे वडील ब्याऐंशीव्या वर्षी सुपारी फोडत होते. दातांनी. याला तुमच्या बेंगळूरच्या पुस्तकात काय म्हणतात?"

"नशीब म्हणतात," वनजा म्हणाली. "बसा ना काका."

"मी बसायला आलो नाही. शंभर वर्षं आमच्या घरात अळलेचं पाणी बनतंय. माणसाची हिरडी म्हणजे दुसरं काय? कापडच. अळलेनं कापड धरतं की नाही? रंग धरतो की नाही? वीस धुण्यांत हलत नाही! मग दात का नाही धरणार?"

"धरेल की. पण आधी स्वच्छ तर..."

"स्वच्छच आहे! आरशात बघा, गुलाबासारखी आहे!"

"अहो," कुसुमावती दारातून म्हणाली. तिने पदराने घाम टिपला. "एक विचारू? मामंजींनी कधी कोरं कापड तसंच उचलून अळलेत घातलं होतं का?"

"तू मध्ये बोलू नकोस."

"विचारते हो नुसतं. मी लग्न होऊन आले तर पहिली चार वर्षं माझ्या वाट्याला काय होतं? खळ काढणं. खाऱ्या पाण्यात भिजव, दगडावर आपट, वाळव, परत भिजव. एका ठाणाला आठ दिवस. एकदा घाईत सहाव्या दिवशी काढलं, तर रंग कसा सुरेख चढला होता, आठवतं? सगळ्या गल्लीनं वाखाणला. आणि दुसऱ्या पावसात पोपडे धरून गेला. खळीवर बसला होता, सुतावर नव्हे. मामंजी तेव्हा मला काय बोलले ते मी या बाईंसमोर सांगत नाही."

खाली पेढीत सोन्याच्या तारेवर हातोडी पडत होती.

"कापड वेगळं, माणूस वेगळा," गुंडुराव अखेर म्हणाले.

"आत्ता तर एकच होतं," कुसुमावती म्हणाली.

गुंडुराव खुर्चीवर बसले. ते हरले असे म्हणता येणार नाही, कारण हरल्याचे त्यांनी कधीच कबूल केले नाही. पण ते बसले. आणि वनजाने सळई काढून भुजंगरावांच्या दाताशी धरली तेव्हा त्यांनी चष्मा लावून, वाकून, ती किती आत जाते ते पाहिले. सळई बाहेर आली तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"खळीसकट आहे सगळं," ते पुटपुटले. मग भुजंगरावांकडे न पाहता म्हणाले, "काढून घे."

पहिल्या बैठकीला पाऊण तास लागला. खरवडण्याचा आवाज कवटीत घुमत होता आणि थुंकीभांड्यात पिवळट कवचे पडत होती. घरी आल्यावर भुजंगरावांनी दाताला जीभ लावली. दात हलत होता म्हणणे अपुरे झाले असते. तो डुलत होता. हिरडी सुजली होती आणि रक्त वाहत होते. डॉक्टरीणबाईंनी हे सारे होईल असे आधीच सांगितले होते, आणि दहा दिवस मंजन लावायचे नाही असेही सांगितले होते. परंतु सांगितलेले समजणे आणि अनुभवलेले सोसणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. गिरिजाबाईने पुडी कधीच चुलीत टाकली होती. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आत भुजंगराव गुंडुरावांच्या फळीसमोर उभे होते.

"मंजन दे."

"बेडा."

"नको कसं? रक्त थांबत नाही. बघ!"

"बघितलं. उघड्या मांसावर तुरटी कुटून घालू? ओरखडे निघतील."

"तुझ्या वडिलांच्या नावानं मागतो, गुंडू."

गुंडुराव फळी काढता काढता थांबले. त्यांच्या डोळ्यांत क्षणभर चलबिचल झाली. हात आत, डब्याच्या दिशेने, गेलाही. मग त्यांनी तो परत ओढला आणि फळी इतक्या जोराने खाली ठेवली की शेजारचा शिंपी बाहेर डोकावला.

"त्यांच्या नावानं मागणाऱ्याला मी आजवर नाही म्हटलं नाही. आज म्हणतो. जा. मिठाच्या कोमट पाण्यानं चूळ भर, त्या मुलीनं सांगितलंय तशी."

"आणि दात पडला तर?"

"तर माझ्या दुकानासमोर येऊन मला शिव्या दे. रोज दे. आत्ता जा."

भुजंगराव गेले. पण रिकामे बसणे गुंडुरावांच्या स्वभावात नव्हते, आणि मित्राला नकार देऊन रिकामे बसणे तर अशक्यच होते. त्याच दुपारी परसात वीस वर्षांनी एक छोटी हंडी चुलीवर चढली. तुरटी नाही, कात नाही, कुटलेली पूड नाही. अळलेकाई, बाभळीची आणि डाळिंबाची साल उकळून, चौपदरी मलमलीतून दोन वेळा गाळलेले नुसते पाणी. गुंडुरावांनी थेंब हिरडीवर लावला. चारात आवळली. त्यांनी संतोषाने बाटली भरली आणि वनजाकडे नेली.

वनजाने चूळ भरली आणि डोळे मिटून घेतले. "काका, हे चांभाराला द्या. चामडं कमावेल."

"एवढं?"

"फिकं करा."

दुसऱ्या दिवशी बाटली पुन्हा माडीवर आली. तेव्हा दहापर्यंत मोजावे लागले होते; गुंडुरावांच्या वडिलांच्या मापाने पाणी जेमतेम उत्तीर्ण होते.

"अजून फिकं."

"डॉक्टरम्मा, याच्या खाली पाणीच उरतं! दहात आवळलं नाही तर ती हंडी आमच्याकडे मोरीत ओततात."

"तुमच्याकडे कापड वीस धुणी टिकवायचं असतं. मला वीस वर्षं टिकवायचंय. रोज लावायचं आहे ते. रोज आवळलं तर हिरडी सोलेल, चव जाईल, दात काळे पडतील. नुसतं सोबतीला हवंय मला. काम ब्रश करेल, माझं हत्यार करेल. यानं बाजूला बसून जरा हात द्यायचा."

गुंडुराव बाटली घेऊन उठले. जिन्यावरून तिला स्पष्ट ऐकू येईल अशा आवाजात ते म्हणाले, "बाजूला बसायला अळलेकाई काय तुमची विहीण आहे?" पण ते घरी गेले आणि पुन्हा हंडीपाशी बसले. जाणूनबुजून कच्चे पाणी बनविणे किती कठीण असते याची कल्पना ज्याने आयुष्यभर पक्के पाणी बनविले त्यालाच येईल. बोट आपोआप आणखी एका अळलेकाईकडे जाई. मोजताना दहाच्या पुढे गेल्यावर लाज वाटे, जणू मागे वडील उभे आहेत. अकरा, बारा, तेरा. अठरावर कोठे हिरडीला कळले न कळलेसे झाले. कुसुमावती चुलीपाशी बसून हे पाहत होती. ती काही बोलली नाही, एवढेच तिचे उपकार. चौथी बाटली वनजाने चूळ भरून थुंकली, थोडा वेळ वाट पाहिली आणि म्हणाली, "सरी. हे चालेल."

दुसरी बैठक झाली, दहा दिवस गेले, जखमा मिटल्या. मग भुजंगरावांनी मऊ ब्रश आणि त्यानंतर ते फिके पाणी, सकाळ-संध्याकाळ, नेमाने सुरू केले. जीभ अजून दाताकडे जाई; तो अजून हलत असे. सूज मात्र उतरली होती, आणि या वेळी ती आतून उतरली होती की वरून, हे पाहण्यासाठी दसऱ्याच्या दहा दिवस आधी वनजाने पुन्हा सळई सोडली.

"पाच," ती म्हणाली. "शेजारी तीन. धरतंय काका. खरंच धरतंय."

"म्हणजे वाजवू?"

"तुम्ही वाजवता तेव्हा किती जोरानं चावता?"

भुजंगरावांनी खोक्यातून वाद्य काढून दाखविले. तोंडाच्या भागावर, जेथे दात टेकतात तेथे, त्यांनी सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटविला होता. खालचे स्वर वाजविताना वनजाने दातावर बोट ठेवले होते. दात स्थिर होता. त्यांनी नववी ओळ घेतली. ती चढू लागताच वनजाने बोट काढून घेतले.

"हे नको," ती म्हणाली. "खालचं सगळं वाजवा, तासभर वाजवा. हे वर्षभर नको. ओल्या भिंतीला पाठ लावून बसण्यासारखं आहे हे."

"वर्षभर?"

"निदान."

भुजंगराव त्या दिवशी घरी सरळ गेले नाहीत. मार्केटच्या भोवती त्यांनी तीन फेऱ्या मारल्या. एकदा कोणाच्या तरी फुलांच्या टोपलीला पाय लागला, बोलणी खाल्ली. अकरा वर्षांच्या बारा ओळी एका बाजूला होत्या आणि एक दात दुसऱ्या बाजूला, आणि दुर्दैव असे की दात नसेल तर ओळीही नव्हत्या. हे तर्काने अगदी निर्विवाद होते. तरी पाय थांबत नव्हते. चौथ्या फेरीच्या तोंडावर ते वळले आणि बँडमास्तरांच्या घरी गेले.

श्रीनिवासराव झोपाळ्यावर बसून कागदांवर स्वर उतरवीत होते. भुजंगरावांनी सारे सांगितले, आणि शेवटी म्हणाले, "मला दुसऱ्या रांगेत द्या, सर. खालचा भाग वाजवतो. बारा ओळी सयाजीरावाला द्या. त्याला येतात. माझ्या मागं बसून सात वर्षं त्यानं बोटं फिरवलीत, मी बघितलंय."

"तोंड उघड," श्रीनिवासराव म्हणाले. आज सगळ्या म्हैसूरला आपल्या तोंडात डोकावायचे आहे असे भुजंगरावांना वाटले. पण त्यांनी उघडले. बँडमास्तरांनी पाहिले, दाताला हात लावला नाही. "नागोजीरावानं मला शेवटपर्यंत सांगितलं नव्हतं. कवळी लावून आला तेव्हा कळलं." त्यांनी झोपाळा पायाने थांबविला. "पुढच्या दसऱ्याला ओळी परत मागशील?"

"दात राहिला तर मागेन."

"सयाजीराव देईल असं नाही."

"नाही," भुजंगराव म्हणाले. "मीही दिल्या नसत्या."

विजयादशमीला बन्नीमंटपाचे मैदान भरून गेले. भुजंगराव दुसऱ्या रांगेत, डावीकडून चौथ्या खुर्चीवर बसले. त्या जागेवरून त्यांना समोर फक्त सयाजीरावांची पाठ आणि त्यांच्या टोपीखालचे घामेजलेले केस दिसत होते. बारा ओळी आल्या. खालच्या भागाला त्या वेळी लांबलांब धरलेले चार स्वर होते, बाकी काही नाही. अकरा वर्षे त्यांनी त्या बारा ओळी वाजविल्या होत्या, पण त्यांच्या पाठीमागे हे चार स्वर सतत चाललेले असतात याकडे त्यांचे लक्ष कधी गेलेच नव्हते. सयाजीरावांनी सातव्या ओळीत श्वास चुकीच्या जागी घेतला. नववी मात्र स्वच्छ चढली. भुजंगरावांनी आपला स्वर धरून ठेवला. दात ट्यूबच्या तुकड्यावर जागच्या जागी बसून होता.

कार्यक्रम संपल्यावर गर्दीतून वाट काढीत गुंडुराव आणि कुसुमावती कुंपणापाशी आले. गुंडुराव संतापले होते.

"दीड तास उभे होतो आम्ही! मी हिला म्हटलं, ऐक, आता याचं येईल. तुझं एक अक्षर ऐकू आलं नाही!"

"ऐकू येत नाही ते," भुजंगराव म्हणाले.

"मग वाजवायचं कशाला?"

"थांबलो असतो तर ऐकू आलं असतं."

"हे काय उत्तर झालं? थांबल्यावर काय ऐकू येणार?" गुंडुराव कुसुमावतीकडे वळले. "तूच सांग, याला काही अर्थ आहे?" ती भुजंगरावांच्या वाद्याच्या तोंडावरचा ट्यूबचा तुकडा निरखीत होती. गुंडुरावांनी कोटाच्या खिशातून बाटली काढली आणि कुंपणावरून पुढे केली. "घे. उद्याचं. या खेपेला विसापर्यंत मोजावं लागलं."

"वीस जास्त झाले. डॉक्टरम्मांनी अठरा म्हटलेत."

"मग दोन अंक तू कमी मोज," गुंडुराव म्हणाले, आणि कुंपणाच्या दोन बाजूंनी दोघेही भांडत भांडत फाटकाकडे चालू लागले.